दाराकडे तोंड केलेली गलबतं

दाफन, शेन्झेन
त्सेंग मावशींच्या कारखान्याचा पोटमाळा

आदरणीय दाजी,

धाकट्या मेव्हण्याचा, म्हणजे च्यालिनचा, कमरेत वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? (तीन मजले बांधायची हौस तुमची होती, गुडघ्याला कुणी विचारलं नव्हतं.) मातोश्रींचा खोकला कमी आहे ना? मिरच्या वाळून झाल्या असतील. मांस धुरावर टांगलं असेल आणि आमच्या आठवणीनं निदान एक तुकडा बाजूला काढला असेल, अशी आशा आहे. काढला नसेल तर अजून वेळ गेलेली नाही.

या काळात पत्र कोण लिहितं, असं तुम्ही म्हणाल. पण तुम्ही दुसरी वाटच ठेवली नाहीत. फोन उचलत नाही, घरच्या ग्रुपमधून मला काढून टाकलंत, आणि शेजारच्या पेंगकडे निरोप दिला तर त्यानं तो आधी अख्ख्या गावाला सांगितला आणि तुम्हाला सांगायचं तेवढं विसरला. तेव्हा कागद. कागद फाडला तरी फाडता फाडता चार ओळी वाचल्या जातातच.

ताई माझ्याकडे सुखरूप आहे, हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तुम्ही जरा शांतपणे वाचाल. ती आली त्या सकाळी मी दार उघडलं तर समोर एक भलीमोठी लाल रजई उभी होती, खाली ताईचे पाय. तुमच्या लग्नातलीच ती रजई, शिवलेल्या बदकांच्या जोडीची. आत आमचं चित्र, तुमच्या गृहप्रवेशाला आम्ही पाठवलेलं. एवढ्या मोठ्या आडव्या वस्तूला घेऊन ती हुनानच्या डोंगरातून बस बदलत, रेल्वेत भांडत इथवर कशी आली, याचा मला अजून उलगडा झालेला नाही. (रेल्वेतल्या शिपायानं विचारलं, "बाई, हे काय आहे?" तर म्हणाली, "फ्रान्स." त्यानं पुढं काही विचारलं नाही.) आता तिनं माझी चूल ताब्यात घेतली आहे. तिनं मिरच्यांची फोडणी दिली की खालच्या मजल्यावरचे तीन चित्रकार खोकत रस्त्यावर येतात. माझे ब्रश तिनं भांडी घासायच्या राखेनं घासून ठेवले, दोन टकले झाले. ती सांगते, तुम्ही स्वतः येऊन ते वाक्य मागं घेतल्याशिवाय ती परत येणार नाही. कोणतं वाक्य, ते तुम्हाला माहीत आहे. मी त्यावर येतोच, पण आधी चित्राचं सांगू द्या, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

तुम्हाला ठाऊकच आहे की मी आभाळवाला. आमच्या कारखान्यात नामांकित चित्रांच्या नकला होतात, आणि एक चित्र एकटा माणूस करत नाही. कापडं ओळीनं भिंतीला ठोकलेली असतात. आधी मी जातो, आभाळ करतो. मग ग्वांगशीचा वेइ पाणी करतो. शेवटी त्सेंग मावशी, ज्या मालकीणही आहेत, डोलकाठ्या, दोर, निशाणं आणि धक्क्यावरची माणसं करतात, कारण त्यांचा हात अजून केसाएवढी रेघ ओढतो. मग ती चित्रं जातात जगभर, दंतवैद्यांकडे, हॉटेलांत, नव्या घरांत. गिऱ्हाईक लिहितं, फ्रान्सचा समुद्र पाठवा, पण सोफा मोरपंखी आहे, तर त्याला शोभेलसा. आम्ही मोरपंखी फ्रान्स पाठवतो. गेल्या उन्हाळ्यात एका बाईंना पडद्यांशी जुळणारं गुलाबी वादळ हवं होतं. तेही दिलं.

पण दाजी, हसण्यावारी नेऊ नका. ज्या म्हाताऱ्यानं मूळ चित्र काढलं (नाव आम्हाला उच्चारता येत नाही, आम्ही त्याला नुसतं म्हातारा म्हणतो) त्याच्या चित्राच्या छापील प्रतीसमोर मी रोज सकाळी उभा राहतो आणि ब्रश उचलायला वेळ लावतो. नॉर्मंडीचं कुठलंसं बंदर, ओहोटीची वेळ, गलबतं निघालेली. वर राखाडी आभाळ. राखाडी म्हणजे काळ्यात पांढरा, असं मला पहिली कितीतरी वर्षं वाटायचं. मग एके दिवशी दिसलं की त्या राखाडीत गुलाबी आहे, आणि कलिंगडाच्या सालीच्या आतला तो फिकट हिरवाही आहे. म्हातारा कधीच गेला, त्याचं बंदरही बदललं असेल, पण त्या दिवशीचा ढग अजून ओला आहे. असं कुणाला कसं जमतं, मला कळत नाही. तुमच्या घरासाठी मी ते आभाळ पुन्हा पुन्हा पुसून केलं. वेइनं पाण्यात दोन रात्रींची झोप घातली. मावशींनी प्रत्येक निशाण वेगळं फडकवलं. इतकं चांगलं चित्र आमच्या हातून आजवर गेलं नव्हतं, हे मी फुशारकीनं सांगत नाही, ते मलाही चकित करणारं होतं.

आता गृहप्रवेशाचं. मी नव्हतो तिथं, म्हणून ताईकडून ऐकलं तसं मांडतो, चुकलं तर सांगा. जुन्या चुलीतला विस्तव नव्या घरात नेला, फटाके झाले, चिकट भाताच्या वड्या वाटल्या, पाहुणे जेवायला बसले. चित्र दिवाणखान्यात, सगळे "वा, वा" करतायत, पेंगचा चेहरा पडलेला, कारण त्याच्या भिंतीवरच्या चित्रातले आठ घोडे आता तट्टू वाटू लागले होते. तेवढ्यात दिशा बघणारे म्हातारे वू काका होकायंत्र खिशात घालत म्हणाले, "सगळं छान आहे, पण ही गलबतं चाललीत कुठं?"

सगळ्यांनी बघितलं. गलबतं डावीकडून उजवीकडे निघाली होती, आणि उजवीकडे दरवाजा होता.

दारूचे पेले खाली आले. जहाजाच्या चित्राचं नाक घरात असावं, म्हणजे दौलत आत येते, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तुम्ही भिंतीची लांबीरुंदी कळवलीत, दरवाजा कुठल्या हाताला ते कळवलं नाहीत. मी विचारलं नाही. फ्रान्सच्या म्हाताऱ्यानं तर मुळीच विचारलं नाही. मग म्हणे तुम्ही ते समोरच्या भिंतीवर लावून पाहिलंत, तर गलबतं थेट संडासात निघाली. मागच्या भिंतीवर लावलंत, तर चुलीवर चालून गेली, पाणी विस्तवावर, ते त्याहून वाईट. वरच्या मजल्यावर नेलंत, तर नाक पेंगच्या घराकडे. (तेव्हा पेंग पहिल्यांदा हसला आणि दुसऱ्यांदा भात वाढून घेतला, असं ताई सांगते.) तुम्ही घामाघूम, गुडघा दुखतोय, पाहुणे हातात वाट्या घेऊन एका खोलीतून दुसऱ्या खोलीत तुमच्यामागं. आणि मग सगळ्यांसमोर तुम्ही ते वाक्य बोललात: "हिच्या माहेरानं लग्नात काही दिलं नाही, आणि आता दिलं ते घरातलं घेऊन जायला."

दाजी, मी थट्टेखोर माणूस आहे, पण हे मला लागलं. आमच्याकडे तेव्हा द्यायला काही नव्हतं, हे तुम्हाला माहीत होतं आणि तरी तुम्ही आलात, हुंड्याबिंड्याचं नाव न काढता ताईला घेऊन गेलात. त्यासाठी आमची आई मरेपर्यंत तुमचं नाव काढून डोळे पुसायची. त्याच तोंडातून हे निघालं, म्हणून लागलं. ताई काही बोलली नाही. (ताई बोलली नाही, याच्यावरूनच तुम्हाला कळायला हवं होतं.) पाहुणे गेल्यावर तिनं चित्र उतरवलं, रजईत गुंडाळलं आणि म्हणाली, "गलबतं बाहेरच चाललीत ना? मग मीपण बसते त्यात." आणि खरंच निघाली.

मी ठरवलं, चूक माझी आहे, तर गलबतं फिरवून देतो. काय अवघड आहे? नाक इकडचं तिकडं. त्सेंग मावशींना सांगितलं तर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं की मी जागीच लहान झालो.

"गलबत फिरवशील, पण शिडात वारा भरलाय तो?"

"तोही फिरवू."

"मग निशाणं फिरतील, चिमणीचा धूर फिरेल, पाण्यावरची पडछाया फिरेल. आणि वारा फिरला की तुझे ढग कुठं जाणार? गलबतं वेगळ्या वाऱ्यानं आणि ढग वेगळ्या वाऱ्यानं, तुझ्या दाजींच्या घरी चालतं का असं?"

म्हणजे सगळा फ्रान्सच उलटा करायचा, आरशात दिसतो तसा. नवं कापड ठोकलं. मी आभाळ उलटं केलं आणि माझ्या लक्षात आलं की माझा हात इतकी वर्षं एकाच बाजूनं जातोय. उलट्या बाजूनं केलेला ढग कणकेच्या गोळ्यासारखा बसला. पाण्याची वाट न बघता मावशींनी आधीच माणसं उलटी केली, तर दोर ओढणारा खलाशी डावखुरा झाला, मासे विकणारीचा सुरा डाव्या हातात गेला, आणि दुकानावरची फ्रेंच पाटी उलटी आली. (ती आधी सुलट होती तेव्हाही आम्हाला वाचता येत नव्हती, तेव्हा तो तोटा धरायचा नाही.) अडलं ते वेइपाशी. तो ब्रश धरून कापडासमोर नुसताच बसून राहिला. शेवटी म्हणाला, "माझ्या लाटांना उजवीकडे जायची सवय आहे. डावीकडच्या लाटेचं पोट कुठं असतं तेच मला ठाऊक नाही."

ताई मिरच्या निवडत होती. तिनं विचारलं, "खऱ्या समुद्रात पाणी आत येतं का बाहेर जातं?"

इथं राहून आम्हाला इतकी वर्षं झाली, समुद्र बसनं फार तर दीड तासावर, आणि आमच्यापैकी एकालाही खात्रीनं सांगता येईना. सुट्टीच्या दिवशी गेलो होतो कधीतरी, पण तेव्हा माणसंच दिसली होती, आणि भाजलेली कणसं. ताई उठली, हात धुतले आणि म्हणाली, "चला. बघूनच येऊ. माझं घर त्याच्यावर अडलंय."

म्हणून आम्ही गेलो. गर्दीच्या किनाऱ्यावर नाही, पलीकडे कोळ्यांची वस्ती आहे तिथं. वळणावरून बस खाली उतरली आणि समुद्र एकदम समोर आला. दाजी, कसं सांगू? मी रोज त्याच्या वरचं आभाळ करतो, पण ते हातभर कापडात. इथं आभाळाला कडाच नव्हती. वारा होता, ढग चालले होते, आणि खाली सगळं पाणी हलत होतं, दर वेळी वेगळं, एकही लाट दुसऱ्यासारखी नाही, आणि कुणी करणारा दिसत नाही. मला लाज वाटली, आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की मी उगाचच वेइच्या पाठीत गुद्दा घातला. वेइ वाळूत बसला होता. चष्मा काढून, पुसून, पुन्हा घालून बघत होता. "मी आजवर नुसतं कापड ओलं करत होतो रे," एवढंच बोलला.

आणि ताई. तुम्ही तिला गप्प पाहिलंय का कधी, रागाशिवाय? ती बूट हातात धरून पाण्यात उभी राहिली, घोट्यापर्यंत, मग पोटऱ्यांपर्यंत. मी जवळ गेलो तर हळू आवाजात म्हणाली, "च्यालिन, ह्याला बांध कुणी घातलाय?"

मी म्हणालो, बांध नाही.

"बांधाशिवाय एवढं पाणी थांबतं कसं?"

(तुमचं आणि पेंगचं अर्धं आयुष्य वीतभर बांधावरून भांडण्यात गेलं, आणि इथं हे असं, उघडं.) ती रडत होती. मला म्हणाली वारा आहे.

बऱ्याच वेळानं वेइ ओरडला, "ताई, बघा! लाटा सगळ्या आतच येतायत!" खरंच. वारा आडवा होता, होड्या बाहेर निघाल्या होत्या, पण पाणी आपलं किनाऱ्याकडेच येत होतं, एकामागून एक. ताई कधी नव्हे ती मोठ्यानं हसली. शेजारी एक कोळीण जाळं दुरुस्त करत होती. ताईनं तिला विचारलं, घरच्या होड्या बाहेर जाताना बघून जिवाला काही वाटत नाही का? तिला प्रश्नच कळेना. मग म्हणाली, "होडी निघाली की तिच्या माणसाच्या वाटचा तांदूळ भिजत घालायचा. दुसरं काय करायचं असतं?" संध्याकाळी त्याच होड्या परत आल्या, दिवे लावून, आणि आम्ही तिथंच बसून होतो. शेवटची बस चुकली, याचं कुणालाच काही वाटलं नाही.

उलटा फ्रान्स आता पुरा झाला आहे. वेइच्या डाव्या लाटांना पोट आलं, माझ्या ढगातली कणीक गेली. वाळायला म्हणून तो माझ्या खोलीत टांगला, गलबतांचं नाक बरोबर आत. तेव्हापासून काय काय आत येतंय ते सांगतो: डास, शेजारची म्हातारी, तिचा कुत्रा, आणि रोज जेवायला वेइ. वेइचं मला नवल नाही, कारण ताई रोज संध्याकाळी एक वाटी भात जास्तीचा करते. विचारलं तर म्हणते, तिकडं तिघांचं मापायची सवय झाली, हात चुकतो. ती वाटी झाकून बाजूला ठेवते, आणि अगदी निजायच्या वेळी वेइला देते.

तेव्हा दाजी, आता एक चित्र आत येणारं आहे आणि एक बाहेर जाणारं. कोणतं हवं ते कळवा, म्हणजे गुंडाळून पाठवतो. वू काकांना नमस्कार. पेंगला सांगू नका, तो आधीच सगळ्यांना सांगेल.

तुमचा आज्ञाधारक मेव्हणा,
यी च्यालिन

ता. क. चित्राचं वर लिहिलं ते खरं म्हणजे निमित्त आहे. चित्र टपालानं येईल, ताई येणार नाही. तुम्ही स्वतः या. वाक्य मागं घ्यायचं कसं, याचा विचार करत बसू नका. नुसते दारात उभे राहिलात तरी ती समजेल. आणि आलात तर ती जास्तीची वाटी कुणाची, तेही तुम्हाला समजेल. मला ती कोळीण बोलली तेव्हाच समजलं होतं, पण ताईचा मान राखून मी वेइला खाऊ देतोय.

ता. क. २. हे पत्र ताईला माहीत नाही. तिला सांगू नका.

ता. क. ३. (हे मी लिहितेय, तुमची बायको. पाकीट ह्याला चिकटवतासुद्धा येत नाही, म्हणून वाचलं.) हा थापाड्या आहे. मी रडले नव्हते, वारा होता. ब्रश राखेनं नाही, मिठानं घासले. उलटं चित्र त्सेंग मावशींनी चांगशातल्या कुठल्या सोफेवाल्याला विकूनही टाकलं, ह्याला अजून पत्ता नाही. आपल्या घरी पहिलंच लागेल, पहिल्याच भिंतीवर, दाराकडे तोंड करून. वू काकांना सांगा, निघालेलं माणूस परत येतं, तांदूळ भिजत घालणारं कुणी असलं तर. तुमच्या वाटचा मी रोज घालतेय आणि तो वेइ फुगत चाललाय. लवकर या. येताना बूट घालू नका, रबरी चपला आणा. इथं पाण्यात उतरावं लागतं, आणि तुमच्या गुडघ्याला मी धरीन.